कटल्याची कांडी, रोहूची मादी: गोठवलेल्या मिल्टपासून संकर बीज काढताना

गोठवलेल्या मिल्टचं, म्हणजे नर माशाच्या शुक्राचं, नाव काढलं की नवा माणूस पहिल्यांदा विचारतो, "गोठवायचं कसं?" हा प्रश्न सुरुवातीची दोन-तीन वर्षं बाजूलाच ठेवा. गोठवणं हे प्रयोगशाळेचं काम. आपण कांडी, म्हणजे गोठवलेलं मिल्ट भरलेली बारीक नळी, विकत आणायची, सांभाळायची आणि नेमक्या मिनिटाला वापरायची. त्यातली निम्मी विद्या आपल्याकडे आधीच आहे. सातारा-सांगलीत गाई-म्हशींचं कृत्रिम रेतन न पाहिलेला शेतकरी शोधून सापडणार नाही. द्रवनत्राचा (द्रवरूप नायट्रोजनचा) कंटेनर, लांब चिमटा, कोमट पाण्याचा थर्मास हे सगळं सामान ओळखीचं. अडचण एवढीच की गोठ्यातल्या सवयी जशाच्या तशा हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, आणल्या की अंडी वाया जातात. म्हणून जिथे गाय आणि मासा यांचे रस्ते वेगळे होतात, तिथे या लेखात जरा जास्त वेळ थांबू.

संकर कोणता आणि का

नवख्याने एकच जोडी धरावी: रोहूची मादी आणि कटल्याचा नर. कटला झपाट्याने वाढतो, पण त्याचं डोकं मोठं. कापून विकताना त्यात बरंच वजन जातं. रोहूचं डोकं लहान, मागणी चांगली, वाढ मात्र कटल्यापेक्षा हळू. दोघांच्या पिलाचं डोकं कटल्यापेक्षा लहान आणि अंग रोहूपेक्षा रुंद असतं. वाढ रोहूपेक्षा जास्त, कटल्यापेक्षा थोडी कमी. कराड किंवा मिरजेच्या बाजारात मासा कापून घेणाऱ्या गिऱ्हाइकाला हे अंग आवडतं.

ही जोडी जमते कारण कटला, रोहू आणि मृगळ तिघांचीही गुणसूत्रं ५० आहेत. सायप्रिनसची (कॉमन कार्पची) साधारण १०० असतात, म्हणून त्याच्याशी खेळ करायला जाऊ नका. चंदेरा (सिल्व्हर कार्प), गवत्या (ग्रास कार्प) यांचाही मोह नको. गुणसूत्रं जुळतात याचा दुसरा अर्थही लक्षात ठेवा. रोहू-कटल्याचं हे पिल्लू वांझ नसतं. मोठं झालं की तेही वितं, आणि खरी जबाबदारी तिथून सुरू होते. तिकडे शेवटी येऊ.

मग नर जिवंत का नको? कटला हा हॅचरीतला नखरेल मासा. प्रजनक होईपर्यंत त्याला मोठं तळं आणि दोन-तीन वर्षं द्यावी लागतात. एवढं करूनही ज्या आठवड्यात रोहूची मादी तयार असते, त्याच आठवड्यात कटल्याचा नर घट्ट मिल्ट देईल याचा भरवसा नाही. कांडी आणली की कटल्याचं तळंही नको आणि वेळ जुळवायची कसरतही नको. ही कल्पना जुनीच आहे. १९५३ साली ब्लॅक्स्टर या शास्त्रज्ञाने हेरिंग माशाचं शुक्र गोठवून ठेवलं आणि वसंतात विणाऱ्या व शरदात विणाऱ्या हेरिंगची गाठ घालून दिली. ऋतूच वेगळे असल्याने एरवी ती पडली नसती. आपल्याकडे कार्प माशांचं शुक्र गोठवण्याच्या पद्धती लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोने बसवल्या.

आणखी एक फायदा आहे, त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. छोट्या हॅचऱ्या वर्षानुवर्षं त्याच चार-दोन माशांच्या पोरांवर चालतात आणि बीज खुजं होत जातं. कांडीतून लांबच्या वंशाचं रक्त येतं, शिवाय जिवंत मासा ट्रकमधून हलवावा लागत नाही. माझ्या मते गोठवलेल्या मिल्टचा खरा उपयोग संकरापेक्षा इथे जास्त आहे. कटल्याची कांडी कटल्याच्याच मादीला वापरून घरचा वंश सुधारणं हे पुढचं पाऊल. हात रोहूवर बसला की तिकडे वळा.

खरेदीआधी कागदावर हिशेब

एका कांडीत किती अंडी फळतील? कार्पच्या ताज्या मिल्टच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण १,००० ते २,००० कोटी शुक्रजंतू असतात. मिल्ट एक भाग आणि गोठवण्याचं द्रावण चार भाग असं पातळ करून ०.५ मिलिलिटरची कांडी भरली असेल तर त्यात १०० ते २०० कोटी जंतू आले. गोठवून वितळवलेल्या मिल्टला एका अंड्यामागे लाखभर जंतू धरायचे, कारण त्यातले बरेच मेलेले किंवा लंगडे असतात. म्हणजे एका कांडीला १० ते २० हजार अंडी.

रोहूची मादी किलोमागे साधारण २ लाख अंडी देते. अख्ख्या मादीला कांड्या वापरायच्या तर किलोमागे दहा-वीस लागतील. म्हणून पहिल्या हंगामात अख्खी मादी कांडीवर लावू नका. ४०-५० हजार अंड्यांपुरत्या कांड्या घ्या, वर दोन तपासणीला आणि दोन अडीअडचणीला ठेवा. बाकीची अंडी रोहूच्याच ताज्या मिल्टने फळवून नेहमीचं रोहू बीज काढा. प्रयोग फसला तरी हंगाम बुडत नाही.

कांडी घेताना या गोष्टी लेखी घ्या: नराची जात, कुठल्या साठ्यातला, गोठवल्याची तारीख, पातळ करण्याचं प्रमाण, वितळवल्यावर किती टक्के जंतू हलतात आणि किती अंशाला किती सेकंद वितळवायची. शेवटचे दोन आकडे द्यायला जो कां-कू करतो त्याच्याकडून कांडी घेऊ नका. कांडीतून रोगही येऊ शकतो, तेव्हा नराच्या आरोग्याचा दाखलाही मागा. कुठे मिळेल याची चौकशी जिल्ह्याच्या सहाय्यक आयुक्त मत्स्यव्यवसाय कार्यालयापासून सुरू करा. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, तिथेही विचारता येतं. कार्यालयात गेलाच आहात तर हॅचरीच्या अनुदानाचंही विचारून घ्या. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के असा दर ठेवलेला आहे.

कंटेनर

द्रवनत्राचं तापमान उणे १९६ अंश. कांडी त्यात बुडालेली आहे तोवर वर्षानुवर्षं टिकते, उघडी पडली की संपली. पातळी बघायला कोरडी लाकडी पट्टी तळापर्यंत घालून काही सेकंद थांबा, बाहेर काढून हवेत हलवा. जिथवर पांढरं हिव धरतं तिथवर द्रव आहे. टॉर्च मारून अंदाज घेण्यात अर्थ नाही.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा दूध संघात द्रवनत्राची गाडी कोणत्या दिवशी येते ते मे महिन्यातच विचारून ठेवा. जुलैत पूर आला की रस्ते बंद होतात आणि गाडी चुकते. ओळखीच्या रेतन करणाऱ्याच्या कंटेनरमध्ये तुमच्या कांड्या ठेवता आल्या तर उत्तम, पण कॅनिस्टर (कंटेनरच्या आतला कांड्यांचा डबा) वेगळा घ्या आणि त्यावर ठसठशीत लिहा. नाहीतर कटल्याची कांडी एखाद्या म्हशीच्या वाट्याला जायची.

कांडी काढताना कॅनिस्टर कंटेनरच्या मानेच्या खालीच ठेवायचा, वर उचलायचा नाही. लांब चिमट्याने पाच-सात सेकंदांत एक कांडी काढायची. नाही जमलं तर कॅनिस्टर परत बुडवायचा, दम घ्यायचा, पुन्हा प्रयत्न करायचा. वर धरून मोजत बसलं की उरलेल्या कांड्या अर्धवट वितळून पुन्हा गोठतात आणि आतल्या आत मरतात. बाहेरून काही कळत नाही.

हातमोजे आणि चष्मा लागतोच. कंटेनरचं झाकण सैल असायला हवं, बूच ठोकून बसवायचं नाही. एक लिटर द्रवनत्राचा साधारण ७०० लिटर वायू होतो. तो बंद खोलीतला प्राणवायू ढकलून देतो आणि त्याला वास नसतो. म्हणून कंटेनर झोपायच्या खोलीत ठेवायचा नाही आणि गाडीतून नेताना काचा उघड्या ठेवायच्या.

मादी तयार करणं

याची सुरुवात फेब्रुवारी-मार्चमध्येच होते. रोहूचे नर आणि माद्या वेगळ्या तळ्यात करा, गर्दी कमी ठेवा, पेंड-भुशाचं खाद्य नियमित द्या आणि मधून मधून ताजं पाणी सोडा. जूनच्या शेवटी पाऊस धरला की निवड करायची. पोट मऊ आणि फुगलेलं, गुदद्वार सुजरं व लालसर, छातीचा पर हाताला गुळगुळीत, ती मादी. नराचा तोच पर खरखरीत लागतो आणि पोट दाबलं की दुधासारखं शुक्र येतं.

आपल्या दोन जिल्ह्यांत पाण्याचा स्वभाव फार वेगळा आहे. पाटण-वाई पट्ट्यात जुलैचं पाणी थंड, तर जत-आटपाडीकडे बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. विण्यासाठी २७ ते ३० अंश पाणी चांगलं. पाटण-वाईकडे त्यासाठी वरच्या टाकीत पाणी साठवून उन्हं आल्यावर काम करावं लागतं. म्हणून पहिला प्रयोग कृष्णाकाठच्या सपाट भागात सोपा जातो.

मासे विण्यासाठी संप्रेरकाचं तयार इंजेक्शन मिळतं. रोहूच्या मादीला किलोमागे ०.३ ते ०.४ मिलिलिटर आणि नराला ०.१ ते ०.२ मिलिलिटर असा साधारण डोस. आता गोठ्यात कधी न पडणारा प्रश्न येतो. इंजेक्शननंतर मादीजवळ नर ठेवायचा नाही. ठेवला तर ती पहाटे टाकीतच विऊन मोकळी होते आणि तुम्ही कांडी हातात घेऊन बघत बसता. मादी वेगळ्या टाकीत, वर जाळी, पाणी हलकं फिरतं. तुलनेसाठी ताजं मिल्ट द्यायला रोहूचा एक नर लागेल, तोही वेगळ्या टाकीत.

पहाट

रात्री आठ-नऊला इंजेक्शन दिलं तर पहाटे पाच ते सकाळी आठच्या दरम्यान मादी तयार होते. साधारण ८ ते १२ तास धरा. पाणी गरम असेल तर लवकर, थंड असेल तर उशिरा. पाचपासून दर अर्ध्या तासाला तिला हलकेच उलटी करून पोटावरून एक बोट फिरवा. अंडी आपोआप ओघळली तरच पुढे जा. जोर लावावा लागतोय किंवा रक्त दिसतंय, तर सोडून द्या.

त्याआधी टेबल मांडून घ्या: तीन कोरडी प्लास्टिकची भांडी, कोरडा मऊ टॉवेल, कोंबडीची स्वच्छ कोरडी पिसं, कात्री, थर्मामीटर, थर्मासमध्ये सांगितलेल्या अंशाचं पाणी, मायक्रोस्कोप आणि हॅचरीचं पाणी भरलेला मग. मग टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. पाण्याचा एक थेंबही भांड्यात वेळेआधी पडता कामा नये.

असं का? इथेच गाय आणि मासा वेगळे होतात. बैलाचा शुक्रजंतू वितळल्यावर लगेच पोहताना दिसतो. माशाचा जंतू नराच्या अंगातल्या द्रवात आणि कांडीतल्या द्रावणात निपचित पडलेला असतो आणि नदीचं गोडं पाणी लागलं की जागा होतो. जागा झाला की एखाद-दोन मिनिटांत सगळी ताकद संपते. मायक्रोस्कोपखाली वितळलेल्या कांडीचा थेंब बघून रेतन करणारा अनुभवी माणूससुद्धा म्हणेल, "हे मेलंय." मेलेलं नसतं. काचपट्टीवर थेंबाशेजारी पाण्याचा बारीक ठिपका टेकवा आणि डोळा न हलवता बघा. जिथे दोन्ही मिसळतात तिथे क्षणात धांदल उडते, जंतू चारी दिशांना सुटतात, अर्ध्या मिनिटात मंदावतात आणि थांबतात. ही धांदल पहिल्या पाच-दहा सेकंदांतच मोजायची. पुरवठादाराने सांगितलेल्या टक्केवारीच्या आसपास असेल तर कांडी चांगली.

तपासणीची कांडी आदल्या संध्याकाळीच वितळवून बघा. पहाटे कळलं की कांड्या मेल्या आहेत, तर मादीचा काही उपयोग नाही.

आता मादी. डोक्यावर ओला फडका टाका म्हणजे ती शांत राहते. पोट, शेपूट आणि गुदद्वाराचा भाग टॉवेलने कोरडा टिपा. शेपटीवरून ओघळणारं पाणी भांड्यात जाणार नाही असं तिरपं धरा. अंगठा आणि बोटाने पोटावरून मागे सरकवत अंडी काढा. ती तीन भांड्यांत वाटा. पहिल्यात कांडीसाठी मोजकी, दुसऱ्यात ताज्या मिल्टसाठी, तिसऱ्यात चमचाभर. या तिसऱ्या भांड्यात नुसतं पाणी घालायचं. त्यातली अंडी वाढू लागली तर कुठूनतरी रोहूच्या नराचं शुक्र शिरलंय आणि तुमचा "संकर" खात्रीचा नाही. हे भांडं बहुतेक जण टाळतात. टाळू नका, त्याला फुकट एक चमचा अंडी लागतात.

अंडी भांड्यात आली की मगच कांडी बाहेर काढायची. उलटं कधीच करू नका. गाईची कांडी ३७ अंशाला ३० सेकंद ठेवतात आणि वितळल्यावर गनमध्ये भरेपर्यंत थोडा वेळ मिळतो. माशाची कांडी बहुधा ३७ ते ४० अंशाला काही सेकंदच ठेवायची असते. नेमके सेकंद पुरवठादाराच्या कागदावर आहेत तेच पाळा. कांडीतलं डीएमएसओ हे रसायन गोठताना जंतूंना वाचवतं, पण वितळल्यावर तेच त्यांना बाधतं, म्हणून घड्याळ चालूच असतं. काढलेली कांडी टॉवेलने कोरडी पुसा, टोक कापा, अंड्यांवर फिरवत रिकामी करा. चार कांड्या असतील तर दोघांनी वितळवायच्या, एकाने ओतायच्या. पिसाने दहा-पंधरा सेकंद हलकं कालवा. आता, आणि आताच, थोडं पाणी घाला आणि मिनिटभर कालवत राहा. मग पाणी बदलत तीन-चार वेळा धुवा.

दुसऱ्या भांड्यात रोहूच्या नराचं ताजं मिल्ट याच पद्धतीने. नर कोरडा पुसून शुक्र कोरड्या सिरिंजमध्ये घ्यायचं. पिवळसर दिसलं तर लघवी मिसळली आहे, ते टाकून द्या.

वितळलेली कांडी उरली तरी पुन्हा कंटेनरमध्ये टाकू नका.

अंडी आणि मत्स्यजिरे

इथून पुढचं काम नेहमीच्या हॅचरीसारखंच. अंडी चिकटत नाहीत, पाणी पिऊन मोत्यांएवढी होतात. छोट्या प्रयोगाला अख्खी गोल टाकी कशाला? जार किंवा तळ्यात लावलेला दुहेरी हापा (जाळीचा पिंजरा) पुरतो. तिन्ही भांडी वेगळी ठेवा. पाणी सतत हलतं हवं. पंप बंद पडला तर वरच्या टाकीचं पाणी किमान रात्रभर पुरलं पाहिजे, कारण पावसाळ्यात लाईट जाते ती नेमकी अशा रात्रीच.

पाच-सहा तासांनी पांढऱ्या बशीत शंभर अंडी घेऊन मोजा. जिवंत अंडी काचेसारखी पारदर्शक, मेलेली पांढरी धुरकट. कांडीची टक्केवारी ताज्या मिल्टपेक्षा कमी येणार हे गृहीत धरा. खरा उपयोग तुलनेचा आहे. दोन्ही भांडी खराब असतील तर मादी किंवा अंडी कच्ची होती. ताजं चांगलं आणि कांडीचं खराब असेल तर कांडी, वितळवणं किंवा हात यांपैकी काहीतरी चुकलं. आदल्या संध्याकाळी कांडी तपासली असेल तर कांडी सुटली, हात उरला.

अंडी १४ ते १८ तासांत फुटतात. पुढचे साधारण तीन दिवस पिलं पोटातल्या पिवळ्या पिशवीवर जगतात, खाद्य घालू नका. मग ती मत्स्यजिरे म्हणून छोट्या, कीटक काढलेल्या नर्सरीत सोडायची. तिथे पाणकिडे हा पहिला शत्रू. संकर आहे की नाही ते जिऱ्यांवरून कळत नाही. बोटुकली झाली की डोकं आणि ओठ बघून अंदाज येतो. पक्कं हवं असेल तर डीएनए तपासणीच.

हे बीज कुठे जाणार

नव्या हॅचरीवाल्यांशी माझं एकाच गोष्टीवरून वाजतं. संकर बीज ताटात जायला हवं, प्रजनक तळ्यात नाही. ते वांझ नसतं. तीन वर्षांनी कोणी त्याच माशांकडून बीज काढलं तर पिलांत रोहूचा गुणही धड राहत नाही आणि कटल्याचाही. अशा मिसळीने देशातल्या कित्येक हॅचऱ्यांतले शुद्ध कटला-रोहूचे साठे बिघडले आहेत. म्हणून संकर तळं वेगळं ठेवा, त्याचा मासा पूर्ण काढून विका आणि त्या तळ्यातून एकही मासा प्रजनकांकडे जाऊ देऊ नका.

दुसरी गोष्ट कृष्णा-वारणेची. २००५, २०१९ आणि २०२१ ला पाणी किती आत आलं ते नदीकाठच्या माणसाला सांगायला नको. पूररेषेतलं तळं म्हणजे पूर आला की बीज नदीत गेलंच. त्यामुळे संकर बीज जत, आटपाडी, माण, खटाव या भागातल्या प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यांना द्या. कोयना, धोम, चांदोली यांसारख्या जलाशयांत संचयनाला ते देऊ नका, कोणी मागितलं तरी. विकताना पावतीवर "रोहू मादी × कटला नर, संकर, प्रजननासाठी नाही" असं लिहा. गिऱ्हाइकाला तोंडी सांगितलेलं तो तळ्यापर्यंत जाईस्तोवर विसरतो.

एखादा दलाल झपाट्याने वाढणारा मागूर संकर म्हणून काही देऊ करेल. थाई किंवा आफ्रिकन मागुरावर केंद्र सरकारने २००० सालीच बंदी घातलेली आहे. त्याला चहा पाजून वाटेला लावा.

उरलेल्या न वितळलेल्या कांड्या पुढच्या जूनपर्यंत सांभाळता येतात. त्यासाठी कॅनिस्टरवरची चिठ्ठी पुन्हा लिहा, किती उरल्या ते वहीत टाका आणि पातळी मोजायची जबाबदारी घरातल्या एकाच माणसाकडे द्या. दोघांवर सोपवली की दोघांनाही वाटतं दुसऱ्याने पाहिली असेल.